हिशेब झाला, पुढे काय?



या व्यासपीठावर विद्वान वक्ते येतात. आमचे शिक्षण जिनच्या आवारात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. कायदा शिकलो तो बराचसा खटले हरता हरता. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण आमच्याकडून करू नये. हृदयविकाराने किंवा अर्धांगवायूने आजारी पडलेला कष्टकरी माणूस वाचतो, घरी येतो. त्यानंतर त्याच्या कामाचे काय होते, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. आरंभ आमच्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका जिन-प्रेसमधला आमचा एक सभासद भर हंगामात प्रेसजवळ कोसळला. वय शेहेचाळीस. उजव्या अंगावरून वारे गेले. चार महिन्यांनी काठी टेकीत तो फाटकाशी उभा राहिला. पाय सुधारला होता, वाचा परत आली होती. उजव्या हाताची मूठ मात्र वळत नव्हती. त्याला सांगण्यात आले, फिट असल्याचा दाखला आण, नाही तर हिशेब घे. दाखल्यावर एकच शब्द आला, 'अनफिट'. मग आम्ही भांडलो. मालक देत होता त्याच्या दुप्पट रक्कम पदरात पाडून घेतली. युनियनच्या कचेरीत त्या गड्याला हार घातला. आम्हांस वाटले, आपण जिंकलो.

पुढल्या हंगामात त्याच्या घरी गेलो. रक्कम औषधपाण्यात आणि जुन्या देण्यात संपली होती. बायको रोज निंदणाला जात होती. थोरल्या मुलाने शाळा सोडली होती. तो स्वतः ओट्यावर बसून होता. आमच्यावर त्याने राग धरला नाही. एवढेच विचारले, "भाऊ, गाठी मोजाले काय दोन हात लागते?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. गाठी मोजण्याचे, फाटकावर गाड्यांची नोंद घेण्याचे, आगीवर नजर ठेवण्याचे काम त्या आवारात होते. ते आम्ही मागितलेच नव्हते. आम्ही पैसे मागितले. आजाराने त्याचा एक हात नेला होता. उरलेला माणूस मालकाने आणि आम्ही मिळून घरी बसविला.

या साऱ्याच्या मुळाशी दोन शब्द आहेत, फिट आणि अनफिट. शरीर मात्र असे दोन शब्दांत बसत नाही. अर्धांगात सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत वेगाने होते. पुढेही ती हळूहळू चालू राहू शकते. म्हणजे चौथ्या महिन्यातला दाखला हा आयुष्याचा निकाल नव्हे. हृदयाचेही तसेच. एके काळी झटक्यानंतर रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हिन व लाऊन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. पुढे बेताने चालणे, बेताने श्रम करणे हा उपचाराचाच भाग झाला.

अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. १९५६ मध्ये ते पुन्हा निवडून आले. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला, काही काळ बोलणे अडखळले. तरी जानेवारी १९६१ पर्यंत त्यांनी पद सांभाळले. दोन्ही आजार झालेला माणूस एक राष्ट्र चालवू शकतो, आणि आमच्या गड्याला गाठी मोजता येत नाहीत! अध्यक्षांभोवती मदतनीस होते, काम त्यांच्या प्रकृतीच्या मापाने बेतले जात होते. मजुरासाठी ते कोणी बेतीत नाही, एवढाच काय तो फरक.

आता कायद्याकडे वळू. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करावयास आले, ते इथल्या कापसासाठी. एवढे या कापसाचे महत्त्व! पण १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला तेव्हा त्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत जिनिंग-प्रेसिंगचे नाव स्पष्ट घातले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. तीतही या विम्यातून हंगामी कारखाना बाहेरच आहे. कामाला हंगाम असतो हे खरे. आजाराला तो नसतो.

ज्यांना हा विमा लागू आहे त्यांचे बरे आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर अर्धांग आणि हृदयाचे काही गंभीर विकार यांसाठी ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. सभेला आलेल्या कारखान्यातील बंधूंनी हे लिहून घ्यावे. पहिल्या ९१ दिवसांनंतर सगळे संपले असे समजून घरी बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

सरकारी आस्थापनेसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एस. टी.च्या चालकाला नोकरीत असता अर्धांगाने अपंगत्व आले, तर त्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर जादा पद धरून त्याला सामावून घ्यावे लागते. जी गोष्ट सरकारला बंधनकारक आहे ती खाजगी मालकाला का नसावी? आणखी एक उणीव पाहा. त्या कायद्याच्या २१ प्रकारांत अर्धांगाने आलेले अपंगत्व बसते, दुबळे झालेले हृदय बसत नाही. लुळा हात डोळ्यांना दिसतो. जिना चढताना लागणारी धाप दाखल्यावर दिसत नाही.

मालक म्हणतात, हा आजार मजुराने घरून आणला, त्याच्याशी आमचा काय संबंध? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून सांगितले की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा ५५ तास वा अधिक काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. बारा तासांची पाळी सहा दिवस केली की ७२ तास भरतात. तंबाखू, दारू, अंगावर काढलेला रक्तदाब ही आमचीही पापे आहेत, ती आम्ही झाकीत नाही. पण सारा आजार मजुराच्या झोळीत टाकून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

आता एक उजळ बाजू सांगतो. धान्यबाजारातल्या एका हमालाला झटका आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून हृदयात जाळी बसली. पदरचा पैसा गेला नाही. ही योजना मोठी आहे, तिचे उपकार आम्ही मानतो. परंतु ओझे उचलू नको, असे सांगून डॉक्टरांनी त्याला घरी पाठविले, आणि योजना तिथेच संपली. हमालाने ओझे उचलावयाचे नाही, तर खावे काय? त्याच्या टोळीने त्याला दाभण आणि सुतळी दिली. पोत्यांची तोंडे शिवायची, सांडलेले दाणे झाडायचे, खेपा मोजायच्या, आणि अर्धी वाटणी घ्यायची. कोणताही कायदा न वाचलेल्या माणसांनी फिट आणि अनफिट यांच्यामधली जागा शोधून काढली. पुढे सोयाबीनची आवक घटली तेव्हा टोळीत कुरकुर सुरू झाली, हेही खरे. अर्धपोटी माणसांनी किती दिवस आपल्यातून काढून द्यावे? १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून लेव्ही घेण्याची सोय केली आहे. जिथे नोंदणी आहे तिथे त्या लेव्हीतून अशा अर्ध्या वाटणीला जोड मिळावी, ही आमची मागणी आहे.

सर्वांनाच काम झेपेल असे आम्ही म्हणत नाही. ज्याला ते खरोखर झेपत नाही, त्याला सन्मानाचे निवृत्तिवेतन हवे. जर्मनीने अपंगत्वाचा विमा १८८९ मध्ये केला. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला पूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतन आहे. त्याची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली. एवढ्यात घर कसे चालते, हे इथे बसलेल्या गृहिणींनी सांगावे.

तर आमचे मागणे थोडे आहे. डॉक्टरांनी दाखल्यावर एक शब्द लिहून थांबू नये. किती वजन, किती तास, उन्हात की सावलीत, आणि पुन्हा तपासणी केव्हा, हे लिहावे. मालकांनी हिशेबाचा कागद काढण्यापूर्वी आवारातल्या हलक्या कामांची यादी काढावी. घरच्यांनी मायेपोटी माणसाला ओट्यावर बसवून ठेवू नये. आणि युनियनने, म्हणजे आम्ही, अगोदर काम मागावे, पैसे नंतर.

तो आमचा सभासद आता नाही. आज जिनच्या फाटकावर वाटाघाटीला गेलो की आम्ही पहिल्यांदा विचारतो, इथे गाठी कोण मोजतो? त्याला द्यावयाचे उत्तर असे उशिरा सुचले. आपल्या घरात, आपल्या दुकानात, आपल्या कारखान्यात असा कोणी काठी टेकीत परत आला, तर त्याला उत्तर वेळेवर मिळावे, एवढ्यासाठी आपला वेळ घेतला.