गारगोटीचें घड्याळ आणि किल्लीचें घड्याळ



वडिलांच्या पश्चात् त्यांचें किल्लीचें मनगटी घड्याळ माझ्याकडे आलें. परवां माझ्या पुतण्यानें विचारलें, "काका, दोन-तीनशें रुपयांचें घड्याळ याहून बिनचूक चालतें, मग तुम्ही हें ठेवतां कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं दोन्ही घड्याळांचें अंतरंग पाहूं या.

कोणत्याहि घड्याळाला तीन गोष्टी लागतात: शक्ति, सारख्या गतीनें हालणारी एखादी वस्तु व त्या हालचालींची मोजणी. किल्लीच्या घड्याळांत शक्ति गुंडाळलेल्या कमानीची असते. केसासारख्या बारीक दुसऱ्या कमानीच्या योगानें एक चिमुकलें चक्र मागेंपुढें झुलतें व सेकंदाला बहुधा पांच ते आठ ठोके देतें. घड्याळ उभें आहे कीं आडवें, हवा उष्ण कीं थंड, वंगण ताजें कीं सुकलेलें, या सर्वांचा परिणाम त्या चक्रावर होतो. म्हणूनच स्वित्झर्लंडमधील अधिकृत कसोटीहि दिवसाला सरासरी ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें एवढी सूट देते.

आतां दुसरा प्रकार. स्फटिकरूप गारगोटीवर दाब दिला असतां तींत विद्युत् उत्पन्न होते, हें झाक व प्येर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, विद्युत् दिली कीं ती कंप पावते. या गुणावर चालणारें पहिलें घड्याळ १९२७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झालें. तें मनगटावर आलें १९६९ च्या २५ डिसेंबरला, जपानच्या सेइको कंपनीच्या 'अ‍ॅस्ट्रॉन'च्या रूपानें. आजच्या बहुतेक घड्याळांत चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कांपतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो. त्या एका स्पंदानें कांटा एक घर पुढें सरकतो. कंप इतके जलद असल्यानें हाताच्या धक्क्यांचा त्यांवर फारसा परिणाम होत नाहीं, आणि साध्या घड्याळाचाहि फरक महिन्याला सुमारें १५ सेकंदच पडतो.

तेव्हां अचूकपणांत पुतण्याची सरशी झाली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु गारगोटीच्या घड्याळांतील विद्युत्-मंडल बिघडलें, तर तें सहसा दुरुस्त होत नाहीं. सबंध यंत्रच बदलावें लागतें. किल्लीच्या घड्याळाचा प्रत्येक भाग जाणता कारागीर उघडतो, धुतो व पुन्हां बसवितो. आमच्या आळींतील घड्याळजींनीं वडिलांचें घड्याळ असेंच चालतें केलें; मात्र हल्लीं त्यांच्याकडे येणारें काम बहुतेक सेल बदलण्याचेंच असतें. गिऱ्हाइकच उरलें नाहीं, तर ही विद्या ते कोणास शिकवणार?

म्हणून दोन सूचना करतों. गारगोटीचें घड्याळ बंद पडल्यास जुना सेल तत्काळ काढावा. तो पाझरून यंत्र खातो. किल्लीच्या घड्याळाला रोज ठराविक वेळीं किल्ली द्यावी आणि कांहीं वर्षांनीं तें साफ करवून घ्यावें.

आगगाडी गांठावयाची असेल तेव्हां मीहि पुतण्याचेंच घड्याळ पाहतों. पण वडिलांच्या घड्याळाला रोज सकाळीं किल्ली द्यावयाचें काम आतां मीं त्याच्याकडे सोंपविलें आहे.