हसू हरवलेल्या चेहऱ्यांसाठी

(अलिबाग येथे आरोग्य-प्रबोधनपर कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा सारांश)



सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते, एक डोळा मिटत नाही आणि आरशात अर्धा चेहरा निश्चल दिसतो. यालाच आपण ‘तोंडावरून वारे गेले’ असे म्हणतो. वास्तविक कानामागच्या हाडातील अरुंद मार्गातून जाणारी सातवी मज्जारज्जू-निरपेक्ष, म्हणजे थेट मेंदूतून निघणारी, नस सुजून दबल्याने हे घडते. सर चार्ल्स बेल यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो.

आयुर्वेदाने यालाच ‘अर्दित’ म्हटले. डोळ्याची उघडझाप थांबलेला वा तीन वर्षांचा जुना अर्दित सुश्रुतांनी असाध्य मानला. काळाचे मोल आपल्या पूर्वजांनी असे जाणले होते. मग परंपरेचे नाव घेऊन अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालविणे हा परंपरेचा अभिमान नव्हे. पहिल्या ७२ तासांत वैद्यकीय सल्ल्याने स्टिरॉइड सुरू झाल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. मात्र तोंडासोबत हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका समजून तत्क्षणी रुग्णालय गाठावे. कपाळाला आठ्या पडतात की नाही, यावरून डॉक्टर हा भेद ओळखतात.

आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आणि उडती वाळू आहे. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला व्रण होतो, दृष्टीही जाऊ शकते. दिवसा थेंब व चष्मा, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद करणे, एवढी काळजी होडीवर जाणाऱ्यानेही घ्यावीच.

परंतु औषधाने न भरणारी जखम मनाची असते. मासळीच्या पाटीपुढे बसणाऱ्या भगिनीचे हसू हेच तिचे भांडवल. ते वाकडे झाले की ती पदराआड जाते, हळदीकुंकू टाळते, चारचौघांत जेवत नाही. ती हसते, पण पाहणाऱ्याला ती रागावलेली वाटते.

ललिता पवार यांचे चरित्र येथे आठवावे. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने त्यांचा चेहरा लुळा पडला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकापद गेले. त्यांनी चरित्रभूमिका स्वीकारल्या, ‘अनाडी’साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळविला आणि ‘रामायण’ मालिकेतील मंथरा घराघरांत पोहोचविली.

प्रत्येकाला असे मनोबल एकट्याने लाभत नाही. ते समाजाने द्यायचे असते. कुष्ठरोगानेही चेहऱ्याची नस निकामी होते. स्वतः कुष्ठबाधित असलेल्या सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ साली चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभारला, तो याच जाणिवेतून.

म्हणून आपल्या आळीत असा कोणी असेल, तर त्याच्याकडे टक लावू नका, नजर चुकवूही नका. त्याला रुग्णालयात सोबत न्या आणि येत्या सणाला आपल्या पंक्तीत शेजारी बसवा. समरसतेचा आरंभ तेथूनच होतो.