शाळेचं विजेचं बिल आपणही वाचू या

(डाळज येथे माता-पालक आणि बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सरांनी विषय दिला, शाळेत वीजबचत आणि पर्यावरण. येताना मी विचार करत होते, बचत म्हणजे काय हे या बायकांना मी काय सांगणार? तेलाची बाटली रात्रभर उलटी करून ठेवणाऱ्या आपण. घरातली काटकसर न सांगता आपल्याच वाट्याला येते. म्हणून मी आज वेगळं विचारणार आहे. शाळेत वीज वाचवायची ती कोणाच्या वाटची, आणि वाचलेली कोणाला मिळते?

विजेची गोष्ट तुम्हाला पुस्तकातून कळायला नको. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. या पट्ट्यातली गावं, जमिनी पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं वीजघर आहे. फुगवट्याच्या काठाने मोटारी बसल्या, ऊस वाढला, आणि त्या मोटारींना वर्षानुवर्षं आलटून पालटून रात्रीची वीज मिळत आली. रात्री दोन वाजता नवरा दारं धरायला निघाला की मागून बॅटरी घेऊन कोण जायचं, ते तुम्हीच सांगा!

राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून होते. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. त्याची राख तिथल्या गावांतल्या अंगणात बसते, आणि अंगण झाडणारी आपलीच कुणीतरी असते. तेव्हा वीज वाचवावी याबद्दल माझं दुमत नाही.

पण एक अनुभव सांगते. शाळेचं नाव घेत नाही, या तालुक्यातली नाही. भिंतीवर छान चित्रं होती, दिवे मालवा, पृथ्वी वाचवा. मुलांनी घोषणा दिल्या. मी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेले तर नळ कोरडे. टाकीची मोटर बंद ठेवली होती. का? बिल वाढतं म्हणून. सातवीची एक मुलगी म्हणाली, "ताई, आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही." पाळीच्या दिवसांत त्या घरीच राहायच्या. ऑफिसातला पंखा मात्र रिकाम्या खुर्चीवर फिरत होता. मी मुख्याध्यापकांवर चिडले. नंतर कळलं, त्यांच्या हाती बिलाला पैसेच येत नव्हते. मागे दोनदा त्यांनी खिशातून भरले होते. माझा राग तेवढा कमी झाला, पण नळ कोरडेच राहिले.

तिथेच आम्ही मुलींना घेऊन हिशेब मांडला. हजार वॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. रिकाम्या वर्गात साडेतीन तास फिरला की पाव युनिट गेलं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर अर्धा तास चालवायलाही जवळपास तेवढीच वीज लागते. म्हणजे एका रिकाम्या वर्गातल्या एका पंख्यात मुलींचं पाणी अडकलं होतं. हे त्या मुलींनी फळ्यावर लिहिलं. घोषणेपेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला, सरही बघत राहिले.

असा परिसर अभ्यास मला हवा आहे. ६० वॅटचा जुना बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी शंभराहून जास्त तास चालतो, हे मुलांनी स्वतः मीटर वाचून शोधू दे. रोज सकाळी आणि शाळा सुटताना आकडा वहीत लिहायचा. आणि बाई, एक विनंती. ही वही आणि दिवे मालवायचं काम मुलींकडे, टेबलावर चढून पंख्याची पाती मोजायचं मुलांकडे, असं करू नका. झाडलोटीचं तसंच झालंय. पाळी लावा, मुलगा असो की मुलगी.

आता बिलाकडे येते. पूर्वी शाळांना दुकानांसारखा व्यापारी दर लागायचा. २०१२ साली वीज नियामक आयोगाने शाळा-दवाखान्यांसाठी सार्वजनिक सेवा असा वेगळा गट केला. तुमच्या बिलावर कोणता दर लागलाय ते कुणी पाहिलंय? थकबाकी किती, व्याज किती? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्यातल्या काही जणी सदस्य आहेत. सह्या करता, हे मला माहीत आहे. बिल वाचता का? बचत गटाच्या वहीत दहा रुपये इकडचे तिकडे झाले तर तुम्ही बैठक उठू देत नाही. तेच डोळे इथे लावा. वाचलेल्या पैशातून पहिलं काय, हेही समितीतच ठरू दे. माझं मत विचाराल तर आधी टाकी, मग कमी विजेचे पंखे, संगणक त्यानंतर.

छपरावर सौर पट्ट्या बसवायचं काही जणी म्हणाल्यात. जरूर बसवा. फक्त त्या पुसायला कोण चढणार आणि बिघडल्या तर कोण दुरुस्त करणार, हे बसवायच्या आधी लिहून घ्या.

मी फार बोलले. चहा येईपर्यंत आपण मीटर बघून येऊ. सर, त्या खोलीची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?