भावंडांनी भरलेली नदी

शिंपले म्हटलं की आपल्याला कोकणातल्या तिसऱ्याच आठवतात. आज मात्र नदीतल्या शिंपल्यांबद्दल बोलू या, आणि तेही अमेरिकेतल्या. उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे ३०० जाती आहेत. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने त्यातल्या आठ जाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या.

एक जात आहे, स्नफबॉक्स. हिची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही दिवस काढल्याशिवाय मोठीच होत नाहीत. मग आई काय करते? लॉगपर्च नावाचा मासा दगड उलटवत खाणं शोधत आला, की त्याचं डोकंच शिंपल्यात गच्च पकडते आणि पिल्लं कल्ल्यांत सोडते! म्हणजे मासा गेला की शिंपलाही गेला.

१९९८ साली व्हर्जिनियातल्या क्लिंच नदीकाठी एक टँकर उलटला. रसायन पाण्यात गेलं, सुमारे ७००० शिंपले मेले. मग काय, हौदात पिल्लं वाढवून नदीत सोडायची. ऐकायला सोपं. पण एका मादीकडून हजारो पिल्लं मिळतात, आणि ती सगळी भावंडं! मी पडलो बीटेकवाला, मला हे बॅकअपसारखं वाटलं. एकाच डिस्कच्या शंभर प्रती काढल्या तरी बग सगळ्यांत तोच. (भावंडं म्हणजे हुबेहूब प्रती नव्हेत, मान्य.) म्हणून जमेल तितक्या वेगवेगळ्या माद्या वापरतात. डीएनएसाठी शिंपला मारावाही लागत नाही. कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं.

आता फसवी गोष्ट. युरोपातला मोत्यांचा शिंपला शंभरी सहज पार करतो. नदीत म्हातारे भरपूर, त्यांच्या डीएनएत विविधताही चांगली, अहवाल एकदम छान. पण लहान एकही नाही! ती विविधता आजच्या नदीची नाहीच, शंभर वर्षांपूर्वीच्या नदीची आहे.

मग दुसऱ्या नदीतले आणून मिसळावेत का? नॉर्वेत याच शिंपल्याच्या काही वस्त्यांची पिल्लं सामन माशावर वाढतात, काहींची ट्राउटवर. चुकीच्या नदीत सोडले तर सगळी मेहनत पाण्यात, अक्षरशः. मला विचाराल तर मोजकेच उरले असतील तिथे मिसळा, धोका घ्या. पण तरुण पिढी दिसत असेल त्या नदीत? चालत्या प्रॉडक्शनला मी तरी हात लावणार नाही.