एका घराला एक ध्वनिवर्धक



घरांत मुलगी गिटार वाजविते, तिचा भाऊ बेस गिटार शिकतो, आई संध्याकाळीं पेटीवर अभंग म्हणते, आणि या सर्वांच्या रियाजासाठीं एकच ध्वनिवर्धक, मुलांच्या भाषेंत 'अ‍ॅम्प', घ्यावयाचा आहे. असें कुटुंब दुकानांत गेलें, कीं बहुधा मुलगीच पुढें होते. विजेच्या गिटारीचा एक ध्वनिवर्धक तिला आवडतो, व तोच घरीं येतो. पुढें आई त्याला मायक्रोफोन जोडून गाऊं लागते, तेव्हां तिचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका वाटतो. आपलाच गळा बसला असें समजून ती माउली मायक्रोफोन बाजूस ठेवते. गळ्याचा कांहींएक दोष नसतो. दोष निवडीचा असतो, आणि त्याविषयींच आज मला बोलावयाचें आहे.

विजेच्या गिटारीचा ध्वनिवर्धक हें केवळ आवाज मोठा करणारें यंत्र नव्हे. तो त्या वाद्याचाच अर्धा भाग आहे. त्याचा स्पीकर सेकंदाला सुमारें ५,००० कंपनांच्या वरचा ध्वनि झपाट्यानें गाळून टाकतो. गिटारीला हें मानवतें; तिचा कर्कशपणा जाऊन स्वराला गोलाई येते. परंतु आपल्या उच्चारांतील 'स' आणि 'श' यांचें बरेंचसें अंग याच वरच्या पट्ट्यांत असतें. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचाच ध्वनि जात असे, त्यामुळें फडक्यांचे 'सडके' होत, आणि बिचाऱ्यांना आपलें नांव दोनदां सांगावें लागे!

म्हणून माझें मत असें, कीं निवड गळ्यासाठीं करावी. दुकानांत ज्यांना 'अकॉस्टिक' ध्वनिवर्धक म्हणतात, त्यांत बहुधा मुख्य स्पीकराजवळ उंच स्वरांसाठीं एक लहानसा स्पीकर असतो. त्यांतला असा पाहावा, कीं ज्याला मायक्रोफोनची व वाद्याची जोडणी निराळी आहे आणि आवाजाचीं बटणेंहि निरनिराळीं आहेत. हा चोखंदळपणा नव्हे. साधा मायक्रोफोन व्होल्टाचे कांहीं सहस्रांश एवढीच वीज देतो. उलट, सतारीला किंवा लांकडी गिटारीला चिकटविलेल्या पिझो पिकअपला सुमारें दहा लाख ओहम रोध असलेली जोडणी लागते, नाहीं तर त्याचा खर्ज निघून जातो व आवाज पातळ होतो. दोघांना एकाच भोंकांत खुपसून चालत नाहीं. मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा असेल, तर त्याला बहुधा ४८ व्होल्टांचा पुरवठा ध्वनिवर्धकांतूनच मिळावा लागतो. तेवढें विचारून घ्यावें.

मग मुलीच्या विजेच्या गिटारीचें काय? ती अशा ध्वनिवर्धकांत सरळ जोडली तर कोरडी वाजते, आणि फाटक्या आवाजाचें पेडल लावल्यास गांधीलमाशीसारखी गुणगुणते. त्यावर उपाय आहे. ध्वनिवर्धक व स्पीकर या दोहोंची नक्कल करणारें लहान पेडल मध्यें जोडावें. असा रंग मागाहून चढवितां येतो. परंतु स्पीकरानें गाळून टाकलेला 'स' कोणतेंहि पेडल परत आणीत नाहीं.

भावाची बाब मात्र अवघड. गिटारीची खालची तार ८२ कंपनांची, तर बेसची ४१ची. ८ इंची स्पीकर ती खालची तार पुरती बोलूं शकत नाहीं, आणि हट्टानें आवाज वाढविला तर त्याचा पडदा फडफडून निकामी होण्याचा संभव असतो. त्यानें हळू वाजवावें. घरांत बेसच प्रमुख असेल, तर माझा सल्ला सोडून द्यावा आणि १२ इंची स्पीकरचा, की-बोर्डसाठीं केलेला ध्वनिवर्धक घ्यावा. तो जड असतो, पण त्याला बहुधा जोडण्या अनेक असतात, आणि त्यांतून गळाहि स्वच्छ येतो.

वॅटांच्या आंकड्यांना भुलूं नये. ३०चे ६० वॅट केले तर केवळ ३ डेसिबेल वाढतात. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारें दसपट वॅट लागतात. बिऱ्हाडाला ३० पुरे, आणि शेजाऱ्यांना तर पुष्कळच झाले.

दुकानांत आपलें वाद्य व आपलाच मायक्रोफोन न्यावा. आवाज घरीं ठेवणार तितकाच बारीक ठेवून ऐकावें, व कोणी वाजवीत नसतां खरखर किती येते तेंहि पाहावें. गाण्याच्या बहुतेक मायक्रोफोनांची पाठ स्पीकराकडे ठेवली म्हणजे शिट्टी कमी वाजते. पहिली पाळी आईला द्यावी. मुलीनें तोंवर गिटार पिशवींतच ठेवावी.