बांधकामावरचा रोबो आणि वाक्यातला कर्ता

(पिरनवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर वकिलाला बोलावून तुम्ही थोडा धोकाच पत्करला आहे. मी बेळगावच्या न्यायालयात बांधकाम कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. बांधकामातले रोबो आणि त्यांचे नैतिक-कायदेशीर प्रश्न हा विषय मला कळवला गेला तेव्हा वाटले, हे काम शेजारच्या मच्छे गावातल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या मंडळींचे. मग शब्दाच्या मुळाशी गेलो आणि ध्यानात आले की त्यात आपलाही वाटा आहे.

'रोबो' हा शब्द नाटकातून आला. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले. शब्द सुचवला त्यांचे चित्रकार भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करायची सक्तीची मजुरी, आपली वेठ. आता आपल्याकडे गवंड्याच्या हाताखाली माल कालवून पाटीने पोचवणाऱ्याला काय म्हणतात? बिगारी. हा शब्द फारसीतल्या 'बेगार'वरून आला, आणि बेगार म्हणजे बिनमोबदल्याचे सक्तीचे काम. म्हणजे उद्या बिगाऱ्याच्या जागी रोबो उभा राहिला, तर भाषेच्या हिशेबाने एका वेठवाल्याची जागा दुसऱ्या वेठवाल्याने घेतली एवढेच. (शाळेतली बिगारी वेगळी, शिक्षकांनी चिंता करू नये.)

पिरनवाडीत अजून रोबो आलेला नाही. खानापूर रस्त्याच्या बाजूने जी घरे उठत आहेत, तिथे मिक्सर, लिफ्ट, जेसीबी यांच्यापलीकडे यंत्र दिसत नाही. पण आपल्याच राज्यात, बंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमध्ये, १८ ऑगस्ट २०२३ रोजी एका टपाल कार्यालयाचे उद्घाटन झाले. क्षेत्रफळ सुमारे १,०२१ चौरस फूट. त्याच्या भिंती गवंड्याने रचलेल्या नाहीत. संगणकातल्या आराखड्याप्रमाणे फिरणाऱ्या यंत्राच्या तोंडातून काँक्रीटचे थरावर थर पडत गेले. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचे, तांत्रिक मार्गदर्शन मद्रास आयआयटीचे, आणि काम दीड महिन्याच्या आत उभे. परदेशांत विटा रचणारी आणि छताला भोके पाडणारी यंत्रेही कामाला लागली आहेत.

भिंत नीट उभी राहिली की श्रेयाला पुष्कळ जण येतात. पडली तर?

माझ्या टेबलावर रोज येणारी वाक्ये अशी असतात : 'भिंत कोसळली.' 'परांची निसटली.' 'अपघात झाला.' व्याकरणाच्या शिक्षकांनी सांगावे, यांत कर्ता कोण? भिंत, परांची आणि अपघात. 'भिंत पडली' आणि 'भिंत पाडली' यांत एका कान्याचा फरक, पण तो काना दिला की लगेच विचारावे लागते, कोणी? अर्थात मुद्दाम भिंत पाडणारा क्वचितच भेटतो. मराठीत तिसरेही एक रूप आहे, 'भिंत पडू दिली'. निष्काळजीपणाचा सगळा कायदा त्या रूपात मावतो.

इथे आपल्या बेळगावी बोलीचे कौतुक केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुस्तकी मराठीत गवंडी म्हणेल, 'मी भिंत बांधली'. क्रियापद भिंतीच्या मागे गेले. आपला गवंडी म्हणतो, 'मी भिंत बांधलो.' पुण्याचे लोक हसतात, कन्नडचा परिणाम म्हणतात. असेल. पण त्या 'लो'मध्ये माणूस हजर राहतो. साक्षीला उभा राहून तो मराठीत सांगतो, 'सायबांनी चढ म्हटलं म्हणून चढलो.' नोंद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होते, आणि कागदावर 'उंचीवर काम करीत असता' एवढेच उरलेले मी पाहिले आहे. साहेब गेले, त्यांचा हुकूमही गेला. आणि ज्याच्याविषयी हे लिहिले जाते त्याच्या घरी लोक काय म्हणतात? 'घरातला कर्ता गेला.'

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले. २० जण मेले, त्यांत बरेचसे परराज्यांतून आलेले. ते यंत्र रोबो नव्हते. पोलिसांनी उपकंत्राटदारांवर गुन्हा नोंदवला, म्हणजे कायद्याने माणसांकडे बोट दाखवले. तरी आपल्या बोलण्यात वाक्य राहिले ते 'लाँचर कोसळला' हेच.

रोबो आला की ही अडचण वाढते, आणि ती कशी हे मला भाषेतूनच सांगता येते. 'भिंत पडली' या वाक्यात काहीतरी गाळले आहे हे ऐकणाऱ्याला जाणवते. 'रोबोने चुकीचा अंदाज घेतला' हे वाक्य मात्र पुरे वाटते. त्यात 'ने' आहे, कर्ता आहे, निर्णय आहे. विचारायला काही उरत नाही. यंत्र बनवणारा, आज्ञावली लिहिणारा, ते भाड्याने देणारा, कंत्राटदार, बटण दाबणारा ऑपरेटर आणि इमारतीचा मालक, सगळे त्या एका 'ने'च्या आडोशाला उभे राहू शकतात. रोबोला तुरुंगात घालता येत नाही, त्याच्या घरावर जप्ती नेता येत नाही. आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ च्या एका कथेत रोबोंसाठी तीन नियम मांडले. विद्यार्थी ते आवडीने सांगतात, पण ते नियम रोबोला उद्देशून आहेत. आपले कायदे माणसांना उद्देशून असतात आणि तसेच राहिले पाहिजेत.

१९७९ साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात एका कामगाराचा रोबोच्या धडकेने मृत्यू झाला. आपल्या उद्यमबागेतही ओतकामाचे कारखाने असल्यामुळे ते दृश्य तुम्हाला कल्पता येईल. त्याच्या कुटुंबाच्या दाव्यात ज्यूरीने यंत्र बनवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. 'रोबोने मारले' या वाक्यावर ती ज्यूरी थांबली नाही.

आपल्याकडेही हत्यारे आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचे कलम १२ सांगत असे की काम कंत्राटदाराकडून करून घेतले तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. त्याने आधी कामगाराला द्यावे, मग कंत्राटदाराकडून वसूल करावे. हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला गेला. दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये याहून कडक तत्त्व मांडले : धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला 'मी काळजी घेतली होती' हा बचाव नाही. माणसांच्या वावरात आपणहून हालणारे अवजड यंत्र सोडणे या तत्त्वात बसते का, यावर माझे वकील मित्र वाद घालतील. माझ्या मते बसले पाहिजे.

आता एक बारीक हिशेब. या प्रश्नात मला सर्वांत जास्त टोचते ते हेच. बांधकाम खर्चावर उपकर घेतला जातो आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून लाभ मिळवायला कामगाराची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले हवे. उपकर खर्चावर आहे, माणसांवर नाही. मग यंत्राने भिंती उभारल्या तरी उपकर येतच राहील, पण बिगाऱ्याचे दिवस ९० चे ७० होतील, ७० चे ५०. निधी भरलेला आणि माणूस यादीबाहेर. इथे कोणी कायदा मोडलेला नसेल! मुलीच्या शाळेची मदत बंद झाली म्हणून तो कोणावर दावा लावणार?

मी यंत्राचा वैरी नाही. केरळमधल्या तरुणांनी गटारात माणूस उतरू नये म्हणून 'बँडिकूट' नावाचा रोबो बनवला, २०१८ पासून तो वापरात आहे. तरी सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये गटारातल्या मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली. जिथे माणूस स्वस्त, तिथे रोबोला उशीर होतो.

आणि एक तांबडे बटण. अशा प्रत्येक यंत्रावर ते असते, वर इंग्रजीत 'इमर्जन्सी स्टॉप' लिहिलेले. साइटवर मराठी, कन्नड, हिंदी, ओडिया बोलणारे हात एकत्र असतात. ती अक्षरे कोणाला कळतात हे वेगळे सांगायला नको. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कामगाराला सुरक्षिततेची माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास मालकाला कळवण्याचा हक्क दिला आहे. कळवण्याचा. तोवर यंत्र हालतच असते. माझ्या एका तरुण अशिलाला मी विचारले, यंत्र वेडेवाकडे फिरायला लागले तर तू ते बटण दाबशील का? त्याने जरा विचार केला.

"दाबलो आणि कायबी झालं नसलं तर? त्या दिवसाची हाजरी कोन देनार मग?"