'हो' म्हटले, पण कशाला?
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



लग्नाच्या याद्या करायला बसलो की आपण फार सावध असतो. मानपान, कार्यालय, जेवणावळ, सगळे कागदावर येते. दोन्हीकडचे वाचतात, मगच सह्या होतात. मंडळाच्या कामात मात्र हीच मंडळी 'होऊन जाईल हो' म्हणून उठतात. त्याचा फटका मागच्या वर्षी आपल्याला बसला.

मंडपवाल्याने लेखी दर दिला होता. आम्ही उलट कळवले, 'दर मान्य, पण विजेच्या माळा त्यातच धरा.' त्याचे उत्तर आले नाही. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असे आम्ही धरून चाललो. हरतालिकेच्या सकाळी फोन केला, तर त्याचे सामान दुसरीकडे लागलेले! घराघरांतून चादरी आणि बांबू गोळा करून रात्री आपण मंडप उभा केला, हे सर्वांना आठवत असेलच. रागाच्या भरात आम्ही 'करार मोडला' म्हणून त्याला पत्र लिहायला बसलो. तेव्हा आपल्यातल्याच एका वकील सभासदांनी विचारले, 'करार होता कुठे?'

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. आपल्याकडे १८७२ चा भारतीय करार कायदा लागू आहे. एकाने प्रस्ताव ठेवायचा आणि दुसऱ्याने तो आहे तसा, बिनशर्त स्वीकारायचा, हे त्याचे मूळ. 'मान्य, पण' म्हटले की तो स्वीकार राहत नाही. तो नवा प्रस्ताव होतो आणि जुना संपतो. म्हणजे मंडपवाल्याचा दर आम्हीच मोडीत काढला आणि आमच्या नव्या प्रस्तावाला त्याने कधी हो म्हटलेच नाही. मौन म्हणजे संमती, ही म्हण घरात ठीक आहे. नुसत्या गप्प बसण्याने करार होत नाही.

सरकारी नोकरीत आम्ही निविदा रोज पाहतो. निविदेची जाहिरात म्हणजे फक्त आमंत्रण. ठेकेदार दर भरतो तो प्रस्ताव, आणि तो मंजूर झाल्याचे कळवणे हा स्वीकार. सर्वांत कमी दर भरला म्हणजे काम मिळालेच, असे नसते. ऑफिसात हे पाठ असून मंडळात आम्ही विसरलो, ही चूक आमची.

करार कागदावरच हवा, असेही नाही. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी खामगावच्या गिरणीशी टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही म्हणून त्यांनी अहमदाबादला दावा लावला. गिरणीवाले म्हणाले, होकार आम्ही खामगावातून दिला, तेव्हा दावा तिकडे चालवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. टेलिफोनवरचा होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले. म्हणजे अहमदाबादच. टपालाचे निराळे आहे. होकाराचे पत्र पेटीत पडले की प्रस्ताव ठेवणारा बांधला जातो. तोपर्यंत त्याला प्रस्ताव मागे घेता येतो. तोंडी सौदा खरा असतो, सिद्ध करताना मात्र घाम फुटतो.

म्हणून यंदा आम्ही तीन गोष्टी पाळल्या आहेत. काय, किती रुपयांत आणि कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहिले. बदल असेल तर तो आधी बोलून घेतला, होकारात घुसवला नाही. आणि समोरच्याचा लेखी होकार हातात आल्यावरच इसार दिला.

आणखी एक सांगायचे राहिले. मागच्या वर्षी त्या मंडपवाल्याला आम्ही गावभर नावे ठेवली. त्यानेही एक फोन करायला हवा होता, पण करार त्याने मोडला नव्हता. समितीतले दोघे त्याच्याकडे जाऊन तसे बोलून आले. यंदाचा मंडप त्याचाच आहे, माळांसकट, आणि माळांचे पैसे वेगळे लिहिलेले आहेत.

गणपती बाप्पा मोरया!